क्राकुवला जायचं ठरलं तेव्हा

गेल्या आठवड्यात सायकलवरून ऑफिसला जाताना नदीकाठच्या हिरवळीवर क्रोकस दिसले. जांभळे, पिवळे, पांढरे. थंडी अजून पुरती गेलेली नसताना जमिनीतून वर आलेले. केंब्रिजमध्ये ही फुलं आली की लोक एकमेकांना स्प्रिंग आल्याचं सांगतात आणि हातमोजे मात्र काढत नाहीत. मला क्रोकस दिसले की क्राकुव आठवतं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या फ्रिजवर त्या शहराचा नकाशा लागला, आणि मे महिना येईपर्यंत आमचं घर निम्मं केंब्रिजमध्ये आणि निम्मं पोलंडमध्ये होतं.

खरं तर तो बेत आम्हा दोघांचा होता. माझा नवरा नीलेश आणि मी. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. आधी नोकऱ्या, मग इराचा जन्म, मग घर. त्या वर्षी माझ्या सासूबाई एप्रिलमध्ये उरणहून आमच्याकडे यायच्या होत्या. मेच्या शेवटी इराच्या शाळेला हाफ-टर्मची सुट्टी. आजी आणि नात घरी राहतील, आपण चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ, असं आम्ही एका शनिवारी सकाळी पोहे खाताना ठरवलं. पॅरिस नको, तिथे सगळेच जातात. स्टॅन्स्टेडहून थेट विमान असेल, पायी हिंडता येईल, जुनं असेल आणि आपल्याला फारसं माहीत नसेल, असं शहर हवं होतं. शोधता शोधता दुपारपर्यंत आम्ही क्राकुवला येऊन थांबलो.

त्या दिवसांचा उत्साह कसा सांगू? दिवाळीपेक्षा दिवाळीच्या आधीचा आठवडा जसा जास्त दिवाळीचा असतो, चकलीचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो आणि डबे अजून बंद असतात, तसं काहीसं. फोनमधल्या हवामानाच्या यादीत केंब्रिज आणि उरणच्या खाली मी क्राकुव घालून ठेवलं. तिथे बर्फ पडला की मी ऑफिसात बसून उगाच काळजी करायची. जुन्या गावाभोवती पूर्वी तटबंदी होती, ती पाडून तिथे आता बागेचं कडं केलंय, हे वाचलं आणि त्या कड्यावरून मी मनातल्या मनात इतक्या फेऱ्या मारल्या की बाकं कुठे आहेत तेही मला ठाऊक झालं. नीलेशला किल्ल्यात रस. नदीच्या वळणावर टेकडी, टेकडीवर राजवाडा, पोटात एका ड्रॅगनची गुहा. मला तो भला मोठा चौक हवा होता, मधोमध कापडबाजाराची लांबलचक इमारत असलेला. मिल रोडवरच्या पोलिश दुकानात मी लोणच्याच्या काकड्या घ्यायला जायची आणि गल्ल्यावरच्या बाईंकडून दोन शब्द शिकून यायची. "क्राको नाही, क्राकुव," त्यांनी पहिल्याच दिवशी मला सुधारलं. "आणि शेवटचा व ओठांवर जोर देऊन, फ सारखा." त्या स्वतः तिथल्याच जवळच्या एका गावच्या. मी जाणार म्हटल्यावर त्यांनी काकड्यांबरोबर खसखस भरलेला केक हातात ठेवला आणि पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. क्राकुवबद्दल काहीही वाचायला घ्या, शहराजवळची मिठाची खाण त्यात असायचीच. जमिनीखाली शेकडो वर्षं खोदलेले बोगदे, मिठात कोरलेल्या मूर्ती, मिठाचं आख्खं चर्च, मिठाच्या स्फटिकांची झुंबरं. मी दोनदा विषय काढला. नीलेश दोन्ही वेळा म्हणाला, वेळ पुरणार नाही. त्याने फ्रिजवरच्या नकाशावर जे लाल ठिपके केले होते, त्यांत ती खाण नव्हती. मी सोडून दिलं. मला वाटलं, बंद जागेत त्याला गुदमरत असेल.

खाण शोधली इराने. तेव्हा ती नऊ वर्षांची. आईबाबा आपल्याला सोडून कुठे चाललेत याचा छडा लावण्यासाठी तिने शाळेच्या लायब्ररीतून पोलंडवरचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. दर रविवारी सकाळी आम्ही आईंना, म्हणजे सासूबाईंना, व्हिडिओ कॉल करायचो. उरणजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा दुपारची जेवणं आटपलेली असायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, जाऊन वर्ष होत आलं होतं. आई कॉलवर यायच्या, जेवलात का विचारायच्या, थंडी आहे का विचारायच्या आणि मग नुसत्या इराकडे बघत बसायच्या. बोलणं असं फार उरलंच नव्हतं. त्या रविवारी इराने पुस्तकातलं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि सांगितलं, "आजी, बघ ना. जमिनीच्या खाली मीठचा चर्च आहे. सगळा मीठचा. फ्लोअर पण मीठचा."

इराच्या मराठीत सगळं पुल्लिंगी असतं. एरवी आई हसून दुरुस्त करतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला. पान जवळ आण म्हणाल्या. इराने इतकं जवळ नेलं की आम्हाला पडद्यावर काही दिसेना, त्यांना मात्र दिसत असावं. कोणी केलं, किती खोल आहे, मीठ तिथे जमिनीत कसं गेलं, पाणी कुठून आलं, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. इराला जेवढं पुस्तकात होतं तेवढं तिने सांगितलं. मग आई थांबल्या आणि म्हणाल्या,

"मना पन बघाचा हाय."

इथे एक सांगायला हवं. मी पुण्याची, नीलेशचं घर आगरी. लग्न झाल्यापासून आई माझ्याशी नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आल्या. "मृणाल, चहा घेणार का," असं. घरचं बोलणं त्या नीलेशशी बोलायच्या, तेही मी खोलीत नसताना. ते वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून म्हटलं. त्यांना ते कळलंही नसावं. आणि इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.

नीलेश म्हणाला, तुझे गुडघे. खूप पायऱ्या आहेत आई तिथे. त्याने लगेच विषय बदलला, कॉल संपला, आणि तो उठून कप विसळायला लागला.

दुपारी आम्ही नदीकाठाने ग्रँटचेस्टरच्या कुरणांकडे चालायला गेलो. इरा पुढे सायकलवर. पाऊलवाट चिखलाची होती, विलोच्या फांद्या नुकत्या पिवळसर हिरव्या व्हायला लागल्या होत्या. चालता चालता तो आपण होऊन बोलला.

"मीठ बघायला तिकीट काढायचं? माझं सगळं लहानपण त्यात गेलंय, मृणाल."

मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. बाबांनी खाडीकाठचं मिठागर खंडाने, म्हणजे वर्षाचं भाडं ठरवून, घेतलेलं होतं, ते बंद पडलं, एवढं लग्नाच्या वेळी ऐकलं होतं. मी ते पाहिलं नव्हतं. मी सून होऊन गेले तेव्हा त्या जागी कंटेनर रचलेले होते. त्या दुपारी त्याने मला नुसत्या बोलण्यातून मिठागर दाखवलं. भरतीचं पाणी बांधाच्या तोंडातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवायचं. फेब्रुवारीपासून मीठ धरायला लागतं. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाने डोळे उघडता येत नाहीत इतकं सगळं पांढरं होतं. आई आणि इतर बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावर मिठाच्या राशी घालायच्या. पाय चिरायचे, आणि चिरलेल्या पायांनी पुन्हा त्याच पाण्यात उतरायचं. शाळा सुटल्यावर तोही उतरायचा. पावसाच्या आधी राशी गवताने शाकारायच्या. पुढे बंदराचा पसारा वाढत आला, खाडीचं तोंड बुजलं, बांध गेले. शेवटच्या वर्षांत बाबा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहायचे. ट्रक बघायचे आणि परत यायचे.

"आईला त्याची परत आठवण कशाला करून द्यायची? कधी नव्हे ती सुखाने चार दिवस इकडे येतेय."

मी एवढंच म्हटलं की आठवायचं की नाही हे त्यांनाच विचार ना. पुढच्या रविवारी त्याने विचारलं. पायऱ्यांचं सांगितलं, अंधाराचं सांगितलं, तुला त्रास होईल म्हणाला. आई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुना नसल बघाचा त तू वरती बस. आमी दोघी जाऊ."

आमी दोघी म्हणजे त्या आणि इरा. मी हसू दाबायला कॅमेऱ्याबाहेर गेले.

आणि मग आमचा दोघांचा शॉर्ट ब्रेक चौघांचा झाला. मला थोडंसं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चौकातल्या कॅफेत आम्ही दोघंच बसणार होतो, ते टेबल मी मनात निवडून ठेवलेलं होतं. पण घरात जे काही सुरू झालं त्यापुढे ते टेबल टिकलं नाही.

आईंना आता दोन व्हिसा हवे होते, एक इंग्लंडचा आणि एक पोलंडचा. दोन्ही तिकडूनच काढायचे. त्या आपल्या जाऊबाईंना बरोबर घेऊन मुंबईला गेल्या. पोलंडला कशासाठी जाताय, असं तिथल्या मुलीने विचारलं, तर त्यांनी सांगितलं, मीठ बघायला. मुलीने पुन्हा विचारलं. जाऊबाईंनी मध्ये पडून तीर्थयात्रा, तीर्थयात्रा असं सांगायचा प्रयत्न केला, त्याने गोंधळ आणखी वाढला. हा सगळा प्रसंग आईंनी आम्हाला फोनवर इतका रंगवून सांगितला की नीलेश डोळे पुसत हसत होता. वर्षभरात त्यांना असं बोलताना आम्ही ऐकलं नव्हतं. पोलंडच्या व्हिसासाठी दिलेला पासपोर्ट मात्र परत येईना. केंब्रिजला यायचं विमान अगदी तोंडावर आलं. त्या आठवड्यात मी हवामान बघायचं सोडलं आणि नुसती फोनकडे बघत राहिले. ऑफिसात कोणी काही विचारलं तर मी भलतंच उत्तर द्यायची. शेवटी एका सकाळी आईंचा फोटो आला. उजव्या हातात पासपोर्ट उघडून धरलेला, व्हिसाचं पान पुढे, आणि त्यामागे त्यांचा चेहरा निम्माच आलेला. इराने तो फोटो फ्रिजवरच्या नकाशाशेजारी लावला.

दरम्यान गावात त्यांचा सराव चालू होता. त्यांच्या दिराच्या नव्या घराला दोन मजले आणि वर गच्ची. आई रोज संध्याकाळी गच्चीपर्यंत चढायच्या आणि उतरायच्या. शेजारच्या बायकांना आधी वाटलं डॉक्टरने सांगितलंय. कारण कळल्यावर दोघी-तिघी त्यांच्याबरोबर चढायला लागल्या. त्यांतली कोणीच कुठे जाणार नव्हती.

एप्रिलच्या सुरुवातीला हीथ्रोच्या दारातून आई बाहेर आल्या तेव्हा नऊवारीच्या खाली पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज होते. जन्मात पहिल्यांदा घातलेले. इराने त्यांना मिठी मारायच्या आधी बूट बघितले. ते बूट घालून त्या रोज तिला शाळेत सोडायला जायच्या. सराव मोडायला नको म्हणून त्यांनी मला विचारलं, इथे चढायला काय आहे? मोठा प्रश्न होता. केंब्रिजइतकं सपाट गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. बराच विचार करून मी त्यांना कॅसल माउंडवर नेलं. जुन्या किल्ल्याचा उरलेला मातीचा ढिगारा, वर जायला पायऱ्या, आणि आमच्याकडे ती टेकडी म्हणून दाखवायची पद्धत आहे. आई वर पोचल्या, सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, बांध बरा आहे. तेव्हापासून शाळा सुटली की आजी आणि नात रोज त्या बांधावर. वर बसून डबा खायचा. इरा आजीला पोलिशमध्ये दहापर्यंत आकडे शिकवायची, आजी तिला मीठ शब्दाचं लिंग.

परवाच आईंशी फोनवर बोलताना मी सांगितलं, क्रोकस आलेत. मला त्यांनी विचारलं, त्या बांधावर पण आलेत का. आता त्या माझ्याशीही घरचंच बोलतात. केव्हापासून, असं ठरवायचं झालं तर मी त्या एप्रिलचं नाव घेईन. नकाशासमोर उभं राहून भांडताना कोणाला जपून बोलता येतं? भांडण कसलं, तर पहिल्या दिवशी किल्ला की खाण. नीलेशने खाण शेवटच्या दिवशी ठेवली होती. आई म्हणाल्या, शेवटच्या दिवसापर्यंत जीव थांबेल का माझा. खाण दुसऱ्या दिवसावर आली. लाल ठिपका मात्र नीलेशने केला नाही. तो इराने केला, नकाशाच्या बाहेर, फ्रिजच्या पांढऱ्या पत्र्यावरच, कारण ती जागा आमच्या नकाशात मावतच नव्हती.

आणि मग आम्ही गेलो. ज्या चौकात मी इतक्या वेळा मनाने जाऊन आले होते, तो मी कल्पिला होता त्याहून मोठा होता. दगडी, उन्हात कोमट झालेला, घोड्यांच्या टापांनी वाजणारा. चर्चच्या उंच मनोऱ्यातून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो, अशी तिथली जुनी रीत. आई मान वर करून पुढचा सूर यायची वाट बघत राहिल्या. संपलं, असं तीनदा सांगावं लागलं. आम्ही आइस्क्रीम खाल्लं, कापडबाजारातून त्यांनी जाऊबाईंसाठी लाल फुलांचा रुमाल घेतला. नीलेश दिवसभर छान होता. संध्याकाळी मात्र तो खाणीची तिकिटं परत परत उघडून बघत बसला.

सकाळी खाणीच्या दारात मी त्याला म्हटलं, तुला नको असेल तर बाहेर थांब. तो रांगेत आईच्या मागे जाऊन उभा राहिला. लाकडी जिना खाली, खाली, वळत वळत जातो; कठड्याला धरून आई उतरत होत्या, इरा पुढे, नीलेश एक पायरी मागे, हात आईच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. बूट लाकडावर वाजत होते. हवा थंड होत गेली. आई एकदाही थांबल्या नाहीत.

खाली पोचल्यावर पहिल्यांदा फसल्यासारखं झालं. पांढरं काहीच नाही. भिंती काळपट, राखाडी-हिरव्या, दगडासारख्या. आईंनी भिंतीवर तळवा ठेवला आणि संशयाने माझ्याकडे बघितलं. आमची गाइड एक तरुण पोलिश बाई होती, गडद युनिफॉर्म घातलेली. ती म्हणाली, हवं तर चाखून बघा. गटातले लोक हसले. इराने लगेच जीभ लावली. आईंनी बोट भिंतीवर घासून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि मान हलवली. मग त्या हसल्या, आणि पुढच्या प्रत्येक दालनात त्यांनी भिंत चाखली.

इतकं खोल, आणि एवढं मोठं चर्च. वरून बघितलं तर खाली चकाकणारी फरशी, भिंतीत कोरलेली चित्रं, आणि झुंबरं, ज्यांचे लोलक मिठाचे. आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्या खुशीत होत्या, जत्रेत आल्यासारख्या, आणि वर बघून, खाली बघून सारखं इराला काहीतरी दाखवत होत्या.

गाइड सांगत होती की इथलं काम बापाकडून मुलाकडे जायचं. खाणीत एकमेकांना भेटलं की देवाचं नाव घेऊन एक खास नमस्कार करायचे, तो तिने सगळ्यांकडून म्हणवून घेतला. मग तिने सहज विचारलं, बहुधा प्रत्येक गटाला विचारत असेल, की तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं काम होतं का. ती पुढे वळणार, तेवढ्यात माझ्या शेजारून नीलेशचा आवाज आला.

"माय पेरेंट्स मेड सॉल्ट," तो म्हणाला. "फ्रॉम द सी."

ऑफिसात, शेजारी, इराच्या शाळेत, कोणी विचारलं तर तो सांगतो की वडिलांचा छोटा फॅमिली बिझनेस होता. मी शेकडो वेळा ऐकलंय. हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. गटातल्या लोकांनी वळून बघितलं, आधी त्याच्याकडे आणि मग आपोआप आईंकडे, त्यांच्या नऊवारीकडे आणि बुटांकडे. गाइड दोन पावलं चालत आईंसमोर आली आणि थोडी वाकून तिने तो खाणीतला नमस्कार म्हटला. आईंना कारण कळलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

वर यायला लिफ्ट होती. अंधारी, लहान, पाच-सहा माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढीच. नीलेश आणि इरा आधीच्या फेरीत गेले, आई आणि मी मागे राहिलो. लिफ्ट हलली तसा त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, तो काय म्हणाला, सगळे मना कशाला बघत होते. मी सांगितलं. तो म्हणाला, माझ्या आईबापांनी मीठ पिकवलं. समुद्राचं.

त्या म्हणाल्या, तसा नको, तो बोलला तसाच सांग. मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. लिफ्ट अंधारातून वर जात होती, फटीतून वारा येत होता, आणि माझ्या दंडाला धरून आई ते हळूहळू स्वतःशी म्हणत होत्या, चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून. माय पेरेंट्स. माय पेरेंट्स मेड.